माणसं ९, मोबाईल ३१

परवा एकदाचं आपल्या नेटवर्क स्कॅनरचं नवीन व्हर्जन गिटहबवर (कोड ठेवायची साईट) टाकलं, आठ महिने हात लावला नव्हता. आई रात्री दोनदा उठून विचारून गेली, इतल्या रातले काय करी ऱ्हायना रे, आता तिला काय सांगणार की मोबाईलच्या पत्त्यातलं दुसरं अक्षर बघतोय म्हणून.

टूल काही मोठं नाही, पायथनमधला जुगाड आहे, आपल्या लॅनवर, म्हणजे घरातल्या-ऑफिसातल्या नेटवर्कवर, कोण कोण जोडलंय ते दाखवतो आणि दिवसाची यादी ठेवतो. एनमॅपसारखा नावाजलेला नेटवर्क स्कॅनर असताना हे कशाला, असं विचारणारे येतातच. बरोबर आहे भो, एनमॅप १९९७ पासून आहे, तो लिहिणाऱ्या फ्योदोरने तेव्हा फ्रॅक या हॅकरांच्या नियतकालिकात सोर्स कोडसकट दिला होता, त्याच्यापुढे आपण कुठे. पण अमळनेरकडच्या एका कापसाच्या जिनिंग मिलमध्ये माझा मित्र कॅमेरे बघतो, त्याला एक बटण दाबून डीव्हीआरचा (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा) आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, पाहिजे होता, तेवढ्यावरून हे सुरू झालं.

स्कॅनचा कोड तर जवळपास बदलतच नाही. एआरपीने, म्हणजे 'हा आयपी कोणाचा' असा नेटवर्कवर पुकारा करून विचारायचं, बस. पिंग केलं, म्हणजे 'आहेस का' अशी हाक मारली, तर विंडोजचा फायरवॉल गप्प बसतो आणि चालू मशीन नसल्यासारखं दिसतं, एआरपीला मात्र उत्तर द्यावंच लागतं नाहीतर त्याचंच नेट चालणार नाही. शिळी होते ती कंपन्यांची यादी. मॅक ॲड्रेस म्हणजे डिव्हाईसच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता, त्याचा पुढचा भाग आयईईई ही मानकं ठरवणारी संस्था कंपन्यांना वाटते, त्यात सारखी भर पडते, दोन महिने अपडेट नाही केलं की नवा कॅमेरा 'अनोळखी' म्हणून येतो आणि शिव्या मला.

आणि एकदा शहाणपणा करून पोर्टवर, म्हणजे मशीनच्या नंबर दिलेल्या दारांवर, काहीतरी पाठवून तिथे काय चालतं ते ओळखायचं फीचर टाकलं. ९१०० पोर्टवर जे पाठवाल ते नेटवर्क प्रिंटर सरळ छापतो, हे मला माहीत नव्हतं. बाहेर कापसाच्या गाड्यांची लाईन, आणि वजनकाट्याच्या पावत्या सोडून प्रिंटर माझा कचरा छापतोय, काटेवाला फोनवर जे बोलला ते इथे लिहिता येत नाही. नंतर कळलं की एनमॅपवाल्यांनी व्हर्जन ओळखताना ९१०० ते ९१०७ त्यांच्या फाईलमध्ये मुद्दाम वगळलेत. ती फाईल आधी वाचली असती तर!

यावेळचं दुखणं वेगळंच. शेठने यादी बघितली, ऑफिसात माणसं ९ आणि मोबाईल ३१, झालं, कोणीतरी वायफाय चोरतंय म्हणून तीनदा पासवर्ड बदलला. चोर वगैरे कोणी नव्हता. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून सेटिंग बदललं नाही तर फोन खरा मॅक देतच नाही, प्रत्येक वायफायच्या नावाला वेगळा बनावट पत्ता देतो. जिनिंगमध्ये राउटर चार, एकाच लायनीवर, पण नावं चार वेगळी, ऑफिस, काटा, गोडाऊन, गेट. माणूस चहा प्यायला गेटवर गेला की माझ्या यादीत नवा मोबाईल जन्माला!

असा पत्ता ओळखणं सोपं आहे, मॅक दोन-दोन अक्षरांच्या जोड्यांत लिहितात, पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो कंपनीने दिलेला नाही. चार ओळींचा कोड, पण त्यासाठी यादीची अख्खी मांडणी बदलावी लागली, आता हे पत्ते वेगळ्या रकान्यात जातात आणि 'नवीन डिव्हाईस' म्हणून बोंब मारत नाहीत. एकाने सुचवलं की चारही पत्ते एकाच फोनचे आहेत हे अंदाजाने जुळवून टाक. नाही जुळवणार. पत्ता लपवायला ज्याने सोय केली त्याच्यावर कुरघोडी करायला मी हे टूल नाही लिहिलं, आणि अंदाज चुकला की परत शेठ.

त्यापेक्षा मित्राला म्हटलं चारही राउटरला एकच नाव आणि एकच पासवर्ड ठेव. काल त्याचा फोन, आता ११ दाखवतंय. म्हटलं मग दोन जास्तीचे कोणाचे, तर एक शेठच्या पोराचा टॅब निघाला, दुसरा सापडत नाहीये. शनिवारी जाऊन बघतो, काटेवाल्याने पण बोलावलंय, भरीत आहे म्हणे.