वेलांटी आधी का?

"आत्ती, 'कि' म्हणताना क आधी येतोय की. मग वेलांटी आधी का काढायची?"

ताटातल्या रव्यावर बोटानं अक्षर गिरवता गिरवता भाच्यानं विचारलं आणि मी गप्पच.

कोल्हापुरात राजारामपुरीतली छोटी खाजगी शाळा. वर्गात नऊच पोरं, बहुतेक डिस्लेक्सियाची, म्हणजे हुशार असूनही वाचता-लिहिताना अक्षरांत अडखळणारी. बाई हसल्या, "हा प्रश्न इथं नेहमीचा. घ-ध, भ-म यांची भांडणं वेगळीच."

चाळीस वर्षं मराठी लिहितेय मी. बोलताना मागून येणारा 'इ' कागदावर पुढं जाऊन बसतो, हे कधी जाणवलंच नाही. आणि याच पोराच्या जुन्या वहीत पानोपानी लाल शेरा: 'लक्ष देत नाही'.

लक्ष देत नाही?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता आहे. बोर्डाच्या परीक्षेला जादा वेळ, लेखनिकही मिळतो. तरी शेजारच्या काकू परवा म्हणाल्याच, "दोन फटके द्या, येतंय बघा वाचायला."

येताना रंकाळ्यावर थांबलो. गाडीवरच्या पाटीवर बोट ठेवत त्यानं अडखळत वाचलं, 'मिरची'. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "'मि'ला आधी, 'ची'ला मागं! कुणी ठरवलं गं हे?"

सांगा आता, काय उत्तर देऊ?