तुम्ही विचारलंत म्हणून: द्वेष होता की नव्हता?

"शेक्सपिअरच्या काळातले इंग्रज मुसलमानांचा द्वेष करायचे ना?" मी त्या काळची नाटकं शिकवते हे कळलं की हा प्रश्न येतोच, अगदी लग्नाच्या पंगतीतही. विचारणाऱ्याला बहुतेकदा ‘हो’ एवढंच ऐकायचं असतं.

दोन वर्षांपूर्वी मी ते ‘हो’ देऊन टाकलं. एका कॉलेजात व्याख्यान होतं. अर्धा तास मी इंग्लंडच्या प्रोटेस्टंट एलिझाबेथ राणीबद्दल बोलले. १५७० मध्ये पोपने तिला बहिष्कृत केलं. १५७९ मध्ये तुर्कांचा सुलतान तिसरा मुराद याला लिहिताना तिने स्वतःला मूर्तिपूजेविरुद्ध उभी असलेली ख्रिस्ती धर्माची रक्षणकर्ती म्हणवून घेतलं. प्रोटेस्टंटांनाही मूर्ती नको, मुसलमानांनाही; मूर्तीला विरोध हाच दोघांमधला दुवा. १६०० मध्ये लंडनला आलेल्या मोरोक्कोच्या राजदूताचं चित्रही दाखवलं. पांढरं पागोटं, काळा झगा, कमरेला तलवार.

शेवटी अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, वेळ संपलीय, एका वाक्यात सांगा. द्वेष होता की नव्हता?"

"होता," मी म्हणाले. टाळ्या पडल्या.

तिसऱ्या रांगेत हिजाब घातलेली एक मुलगी भराभर टिपणं घेत होती. तिने पेनाला टोपण लावलं, वही मिटली. जिन्यात मी तिला गाठलं. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, अर्धा तास तुम्ही वेगळंच सांगत होतात."

"वेळ नव्हता गं," एवढंच मला सुचलं.

मी खोटं बोलले नव्हते. १५६५ मध्ये तुर्कांनी भूमध्य समुद्रातल्या माल्टा या ख्रिस्ती बेटाला वेढा घातला तेव्हा इंग्लंडच्या चर्चमधून ख्रिस्त्यांसाठी प्रार्थना झाल्याच. पण त्या द्वेषाच्या पोटात भीती होती, आपलीच माणसं तिकडची होतील याची. चाच्यांनी पकडून उत्तर आफ्रिकेत नेलेले काही खलाशी मुसलमान होत, काही आपणहून जात. त्याला ‘तुर्क होणं’ म्हणत. जॉन वॉर्ड हा इंग्रज चाचा ट्युनिसमध्ये असाच मुसलमान झाला. १६१२ मध्ये छापलेल्या नाटकात तो स्वतःला भोसकून मरतो. खरा वॉर्ड तेव्हा ट्युनिसमध्ये धडधाकट होता! १६३७ मध्ये तर इंग्लंडला परतून पुन्हा ख्रिस्ती होणाऱ्यांसाठी प्रायश्चित्ताचा विधीच ठरला. अंगावर पांढरी चादर, हातात पांढरी काठी घेऊन बोडक्याने चर्चच्या दाराशी उभं राहायचं, येणाऱ्याजाणाऱ्यांना गुडघे टेकून ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ म्हणायचं.

प्रबंधात मी याला ‘विरोधाभास’ म्हटलं होतं. एकीकडे मुसलमान देशांशी व्यापार, दुसरीकडे त्यांनाच शिव्या. आता ते पटत नाही. व्यापार वाढला, जहाजं तिकडे जाऊ लागली, म्हणूनच माणसं तिकडे राहू लागली आणि धास्ती वाढली.

पण भीती म्हटलं की द्वेष सौम्य होतो का? कधी वाटतं, मी त्या इंग्रजांची वकिली करतेय. कधी वाटतं, त्या दिवशीचं ‘होता’ हीच माझी पळवाट होती.

हे सगळं तिला जिन्यातच सांगायला हवं होतं. मी तिचं नावही विचारलं नाही.