सोलापूरच्या उन्हात होडीच्या डेकचं काम

सोलापुरात शिडाची होडी आहे म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "चालवता कुठं, कंबर तलावात?" उजनीत चालवतो. करमाळा-इंदापूरच्या बाजूला भीमेचं बॅकवॉटर चांगलं रुंद पसरलंय, वाराही मोकळा मिळतो. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये, म्हणजे वापरायच्या साठ्याच्याही खाली, गेलं की (सोलापूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही) काठ मागं मागं सरकतो आणि होडी चिखलात रुतायच्या आत बाहेर काढावी लागते. यंदा ती ट्रेलरवर घालून शहरात आणली आणि डोक्यात घोळत असलेलं काम काढलं. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, नांगराचा रोलर आणि एक दणकट क्लीट (दोर बांधायची खुंटी) बसवायचं होतं. शिवाय शिडांचे दोर डोलकाठीच्या बुडापासून कॉकपिटपर्यंत, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या जागेपर्यंत, आणायला पुल्या आणि दोर पकडून ठेवणारे क्लच हवे होते. एकट्यानं होडी हाकायची तर वारा वाढल्यावर सुकाणू सोडून पुढं पळणं परवडत नाही.

क्लच, पुल्या मुंबईहून मागवल्या. पैसे गेले, विषय संपला. खरं काम भोकांचं.

फायबरच्या होडीचा डेक, म्हणजे वरचा पृष्ठभाग, बहुतेक वेळा एकसंध नसतो. वर-खाली फायबरचे पातळ थर आणि मध्ये बाल्सा लाकूड. वजन कमी, ताकद भरपूर. पण भोकातून पाणी शिरलं की लाकूड आतल्या आत कुजतं आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून आधी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं सगळा डेक ठोकून पाहिला. बाकी सगळीकडं टणटण, जुन्या क्लीटपाशी भद्द. ते क्लीट आधीच्या मालकानं लाकडाचे स्क्रू पिळून आणि वर सिलिकॉन फासून बसवलेलं. तिथं ड्रिल घातलं तर पात्याबरोबर चहाच्या चोथ्यासारखा ओला भुगा बाहेर आला.

तेवढा वरचा थर कापून काढला, कुजकं सगळं खरवडलं आणि भाग उघडाच ठेवला. मेच्या उन्हानं तो असा खडखडीत वाळवला की वेगळा हीटर लागला नाही. नवीन बाल्सा घालून वर काचेचं कापड आणि एपॉक्सीचे (हार्डनर मिसळल्यावर कडक होणाऱ्या राळेचे) थर दिले. उन्हाचा उपकार इथं संपला. चाळीसच्या वर पारा असताना एपॉक्सी दुपारी डब्यात कालवलं तर ते स्वतःच्याच उष्णतेनं तापतं, धूर सोडतं आणि दगड होऊन बसतं. म्हणून पहाटे उठून, सावकाश सेट होणारं हार्डनर घेऊन, थोडं थोडं कालवायचं. तेही खोल डब्यात नाही, पसरट ताटलीत.

नवीन बोल्टांसाठी भोकं मुद्दाम मोठी पाडली. वाकवलेला खिळा ड्रिलला लावून दोन थरांमधला बाल्सा भोकाच्या कडेनं कोरला, खालून टेप लावली आणि पोकळीत घट्ट केलेलं एपॉक्सी भरलं. ते कडक झाल्यावर त्याच्याच मधोमध बोल्टाच्या मापाचं भोक. आता पाणी झिरपलंच तरी लाकडापर्यंत पोचत नाही.

डेकखाली आधाराची प्लेट लागते, नाहीतर ओढ लागल्यावर बोल्ट फायबर फाडून वर येतो. त्यासाठी चांगली असते ग्लास एपॉक्सी शीट. ती मिळाली मोटर रिवाइंडिंगवाल्याकडं. "कितीची मोटर आहे?" त्यानं विचारलं. होडी म्हटल्यावर त्यानं काम थांबवून चहाच मागवला. कापताना मास्क मात्र हवाच, ती धूळ काचेची असते.

रोलरची पट्टी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडं केली. साखर कारखान्यांची कामं करणारा माणूस, स्टेनलेस स्टीलच्या 304, 316 अशा ग्रेडांची जाण पक्की. "मालक, 304 घ्या की, गोड्या पाण्याला काय होतंय?" त्याचं चूक नव्हतं. पण मला ही होडी कधीतरी कोकणात उतरवायचीय आणि खाऱ्या पाण्यात 304 ला बारीक खड्डे पडतात. "अण्णा, 316 च द्या." दोन्ही दिसायला सारखेच, चुंबकानंही कळत नाहीत; त्यामुळं बिलावर ग्रेड लिहून घेतला.

पुल्यांच्या बाबतीत एक हिशेब आधीच करावा. दोर काटकोनात वळवणाऱ्या पुलीवर दोराच्या ताणाच्या सुमारे 1.4 पट भार येतो आणि दोर पूर्ण मागं फिरवला तर दुप्पट. त्यामुळं डोलकाठीच्या बुडाशी मोठे बोल्ट घातले, क्लचला बेताचे.

सीलिंगला बुटाइल टेप, म्हणजे मऊ चिकट रबराची पट्टी, वापरली. भोकाच्या तोंडाला थोडा उतार दिला, म्हणजे टेप बोल्टाभोवती दाबून बसते. मी वर बोल्ट धरून आणि पुतण्या केबिनच्या भट्टीत पाना घेऊन. बोल्ट हलवायचा नाही, फिरवायचा फक्त नट. बोल्ट फिरला की सील सुटतं. "काका, अजून किती?" हे आतून सारखं चालू होतं. स्टीलच्या नटाला अँटी-सीझ लावलं, नाहीतर तो मध्येच असा जाम होतो की कापूनच काढावा लागतो. एका दमात आवळलं नाही. रोज थोडं आवळायचं, कडेनं बुटाइल बाहेर आलं की पुसायचं.

कठड्याच्या उभ्या दांड्या, म्हणजे स्टँचन, सध्या तशाच ठेवल्यात. माणूस तोल जाऊन त्यांच्यावर रेलला की दांडी पहारीसारखं काम करते आणि सगळा जोर बुडाच्या बोल्टांवर येतो. तिथं डेक भद्द वाजत नाही, पण आतून प्लेट घालायला फर्निचर उखडावं लागेल. तोवर त्यांना धरून चढायचं नाही, असं पुतण्याला बजावलंय.