दिल्लीहून गणपतीला कुडाळ: मोपाने गेलो, बेळगावने परत आलो

आम्ही राहतो द्वारकेत, दिल्लीला, आणि सासर कुडाळच्या पुढे. गणपती गौरीबरोबर जाणारे म्हणजे गौरी-गणपती, आणि काही झालं तरी त्या दिवसांत घरी जायचंच असतं. ट्रेनचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून फक्त ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या तारखांना ते उघडलं न उघडलं की संपतं, त्यात मुलांच्या शाळा, त्यामुळे दोन्ही बाजूंनी विमानच धरावं लागतं. २०२५ ला चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि गौरी विसर्जन २ सप्टेंबरला. आम्ही चौघं, मुलं दोन वर्षांच्या वरची म्हणजे चारही तिकिटं पूर्ण.

कुडाळला जायचं तर नकाशावर चार विमानतळ समोर येतात. एक चिपी, म्हणजे आपला सिंधुदुर्ग विमानतळ, परुळ्याजवळ, घरापासून पाऊण तास. दुसरा मोपा, गोव्याच्या पेडणे तालुक्यात, जानेवारी २०२३ पासून सुरू. तिसरा दाबोळी, गोव्याचा जुना, नौदलाच्या तळावरचा. आणि चौथा बेळगाव, सांबऱ्याचा, जो गोव्याची तिकिटं शोधणाऱ्याच्या डोक्यात पण येत नाही. चिपी सगळ्यात जवळ पण दिल्लीहून थेट काही नाही, आणि तिथली विमानं उडान योजनेवर, म्हणजे छोट्या गावांना विमानाने जोडायच्या केंद्राच्या योजनेवर चालू झालेली, त्यात सरकारचं अनुदान एका मार्गाला तीन वर्षं मिळतं, मुदत संपली की सेवा टिकेलच असं नाही. ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालेली मुंबई-चिपी सेवा २०२४ च्या ऑक्टोबरात थांबलीच. मला फार वाईट वाटतं त्याचं, एवढी वर्षं वाट बघून झालेला विमानतळ आहे तो, पण गणपतीचा प्रवास त्याच्या भरवशावर नाही ठेवता येत.

मग उरले तीन. बुकिंगच्या साइटवर नुसतं गोवा टाकलं की दाबोळी आणि मोपा दोन्हीची विमानं एकत्र मिसळून येतात, आणि स्वस्त ते वर म्हणून लावलं की आमच्या तारखेला दाबोळी वर येत होतं. मोपापेक्षा माणशी सहाशे रुपये कमी, म्हणजे चौघांचे चोवीसशे. नवरा म्हणाला घेऊन टाक. मी म्हटलं थांब, आधी गावच्या गाडीवाल्याला फोन करते. हा फोन मी नेहमी तिकीट काढायच्या आधी करते, कारण विमानतळ ते घर हा खर्च तिकिटात दिसत नाही आणि खरा फरक तिथेच पडतो. त्याने स्वच्छ सांगितलं, "वयनी, मोपाक येवक माका तासभर पुरे, दाबोळीक गेलंय तर माजो अख्खो दिस जातलो." मोपाचे त्याने दोन हजार सांगितले आणि दाबोळीचे पाच. अंतरच तेवढं आहे, मोपाहून धारगळला हायवेला लागलं की पत्रादेवी, बांदा, झाराप, कुडाळ, पन्नासेक किलोमीटरचा मामला, आणि दाबोळीहून झुआरी पूल, पणजी, पर्वरी, म्हापसा करत शंभराच्या आसपास. त्यात पर्वरीला उड्डाणपुलाचं काम चालू, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवसांत म्हापशाचा माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचा बाजार भरलेला, म्हणजे गर्दी ठरलेली. चोवीसशे वाचवायला तीन हजार जास्त आणि वर दोन तास. मोपाच काढलं.

दिल्लीच्या टोकालाही हाच हिशेब केला. मार्च २०२५ पासून गाझियाबादच्या हिंडनवरून पण गोव्याला थेट विमान सुरू झालंय, कधी कधी खूप स्वस्त पडतं, इंदिरापुरम किंवा वैशालीत राहणाऱ्यांनी जरूर बघावं. पण द्वारकेतून हिंडन म्हणजे अख्खी दिल्ली ओलांडायची, चार माणसं आणि बॅगा घेऊन, आणि इंदिरा गांधी विमानतळ आमच्या उशाशी. म्हणून ते सोडलं.

खरी बचत परतीला झाली. गौरी विसर्जनानंतर दोन-तीन दिवसांत सगळ्यांनाच परत जायचं असतं आणि गोव्याहून निघणारी तिकिटं भडकतात, मोपा काय दाबोळी काय. माणशी साडेनऊ हजारांच्या खाली काही दिसेना. बेळगावहून दिल्लीला थेट विमान आहे, २०२३ च्या ऑक्टोबरात सुरू झालेलं, ते त्याच दिवशी सात हजारांना होतं. माणशी अडीच हजार कमी म्हणजे चौघांचे दहा हजार. गाडीला मोपापेक्षा अडीच हजार जास्त लागणार, तरी साडेसात हजार हातात राहतात. आणि देशातल्या विमानांना जायचं-यायचं तिकीट एकत्र काढल्याने काही स्वस्त मिळत नाही, प्रत्येक बाजूचा दर बहुतेक वेगवेगळाच लागतो, त्यामुळे एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून निघालं तरी नुकसान नाही. परदेशी विमानांना असं नसतं, तिथे परतीचं एकत्रच बघावं लागतं, पण इथे बिनधास्त दोन सुटी तिकिटं काढावीत.

बेळगावची अडचण म्हणजे आंबोली घाट, पावसात. सासूबाई घाबरल्या होत्या, सप्टेंबरात धुकं, दरड, मुलांना गाडी लागेल. मी त्यांना एवढंच म्हटलं, "आई, विमान संध्याकाळचं आहे, आम्ही सकाळी जेवणाचा डबा घेऊनच निघतो." विमान सकाळचं असतं तर मी हा मार्ग घेतलाच नसता, दहा हजार काय वीस वाचले असते तरी, कारण घाटात दोन तास अडकलं की चारही तिकिटं गेली आणि आयत्या वेळी नवीन काढायची म्हणजे बचतीच्या कितीतरी पट पैसे. सावंतवाडी, दाणोली, मग घाट. वर पोचेपर्यंत दहा फुटांवरचं दिसत नव्हतं, गाडीवाला पार्किंग लाइट लावून हळूहळू चालवत होता, धाकट्याला उलटी झाली, चहाला थांबलो. मग शिनोळी, बेळगाव, आणि सांबरा शहराच्या पलीकडच्या बाजूला असल्यामुळे गावातून जायचा वेळ धरावाच लागतो. विमानतळ छोटा आहे, रांग नाही, मुलांना मोकळं फिरता आलं. डबा तिथे बाहेर बसून खाल्ला.

बॅगेचं एक सांगते कारण गणपतीहून परतताना प्रत्येकाला नारळाचं काही ना काही दिलेलंच असतं. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही, त्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं म्हणून काढून ठेवायला लावतात. आम्ही घरीच बाजूला केलं होतं, कोकमं आणि कुळथाचं पीठ नेलं. माणशी पंधरा किलो धरून आदल्या रात्री वजन करा, कारण काउंटरवर किलोमागे जे लावतात त्यात वाचवलेले पैसे परत जातात. आणि तिकीट काढताना पैसे भरायच्या शेवटच्या पानावरचा आकडाच तुलनेला घ्या, सीट आणि सुविधा शुल्क लावून.

तिकिटावरचा कोड पण बघा. दाबोळी जीओआय, मोपा जीओएक्स, बेळगाव आयएक्सजी. दाबोळी आणि मोपा एकमेकांपासून दीड तासाच्या वर लांब आहेत, गाडीवाला एकीकडे आणि आपण दुसरीकडे असं व्हायला नको. गाडी ठरलेली नसेल तर मोपाहून कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बस आहेत म्हापसा-पणजीला, आणि म्हापशाहून सावंतवाडीला बस मिळते, एकटा माणूस असेल तर तेच सगळ्यात स्वस्त, पण चौघांना सामानासकट नाही जमत.

२०२६ ला चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. मी तिन्ही कोडचे किमतीचे अलर्ट लावून ठेवलेत, चिपीचा पण लावलाय.