वावरातली मेहनत, गोळी आणि शुगर

दिवसभर वावरात राबणाऱ्या मधुमेही माणसाला वेगळ्या व्यायामाची काय गरज, असा प्रश्न आमच्या यवतमाळकडच्या गावांत नेहमी विचारला जातो, आणि तो अगदीच चुकीचा नाही. डवऱ्यामागे, म्हणजे पिकातले तण काढणाऱ्या बैलांच्या औतामागे, चालणे हा व्यायामच आहे. मात्र ही मेहनत हंगामी असते. आषाढात दिवसभर निंदण-डवरणी आणि उन्हाळ्यात बाजेवर आराम, पण गोळीचा डोस बाराही महिने तोच.

मधुमेहासोबत जगताना आपली गोळी कोणती, हे माहीत असणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्याची शुगर कामामुळे धोकादायकरीत्या उतरण्याची शक्यता कमी असते. परंतु ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन सुरू असेल, तर औषध आणि राबणारे स्नायू दोघेही रक्तातली साखर एकाच वेळी कमी करतात. शुगर ७० मिलिग्रॅम/डेसिलिटरच्या खाली गेली की घाम सुटतो, हात थरथरतात, भोवळ येते; आणि आपल्याकडे हे सगळे उन्हाच्या नावावर खपून जाते. म्हणून अशा रुग्णाने खिशात साखरेची पुडी ठेवावी, लक्षणे दिसताच तीन चमचे साखर खावी, १५ मिनिटांनी शुगर पुन्हा तपासावी आणि ती वाढली नसेल तर तेवढीच साखर परत घ्यावी. कामाला निघतानाच शुगर ९०च्या खाली असेल, तर आधी काही खाऊन घ्यावे. एकादशीचा उपवास आणि डवरणी एकाच दिवशी करण्याचा हट्ट तर धरूच नये. जड कामानंतर शुगर रात्री झोपेतही उतरू शकते, त्यामुळे हंगाम सुरू होण्यापूर्वीच डोसविषयी डॉक्टरांशी बोलावे. तो परस्पर कमी करू नये. याउलट शुगर २५०च्या वर असून उलट्या होत असतील, तर मेहनत टाळून थेट दवाखाना गाठावा.

पायांकडे मात्र आपण फारच दुर्लक्ष करतो. मधुमेहाने तळव्यांची संवेदना गेली, की पऱ्हाटीचे (कपाशीचे) धसकट रुतले किंवा तापलेल्या मातीने कातडी भाजली तरी कळत नाही, आणि जखम चिघळल्यावरच ती घरच्यांच्या लक्षात येते. वावरात बूट घातल्यावर लोक हसतात; हसू द्यावे. बूट घालण्यापूर्वी आत खडा नाही ना हे हाताने पाहावे, आणि रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, आरशात तळवे तपासावेत.

रिकाम्या महिन्यांत आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालावे आणि सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जात असल्याने ही चाल पांदणीवर उजाडतानाच उरकावी. चालताना छातीत दडपण आले किंवा नेहमीपेक्षा जास्त दम लागला, तर तिथेच थांबून लगेच दवाखान्यात जावे, कारण मधुमेहात हृदयाचा त्रास फारशा वेदनेविनाही होतो. डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झाला असेल, तर कापसाचे गाठोडे श्वास रोखून उचलणे टाळावे; त्या जोराने आत रक्तस्राव होऊ शकतो.