चार्जिंगचा करंट ठरवताना : आमची वाटचाल

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत 2016 साली एका छोट्या गाळ्यात आम्ही लिथियम-आयन बॅटरी पॅक बांधायला सुरुवात केली, तेव्हा चार्जर किती अँपिअरचा द्यायचा हा विचार आम्ही सर्वांत शेवटी करत असू. इलेक्ट्रिक सायकलीचा आमचा नेहमीचा पॅक तेरा सिरीज, चार पॅरलल असा (चार-चार सेल समांतर जोडलेले तेरा गट, एकापुढे एक), 2.6 अँपिअर-तासांच्या 52 सेलचा, म्हणजे एकूण 10.4 अँपिअर-तासांचा होता. एका ग्राहकाला चार्जिंग लवकर हवे होते आणि बीएमएसवर (पॅकवर लक्ष ठेवून गरज पडल्यास तो बंद करणाऱ्या सर्किटवर) 15 अँपिअर छापलेले होते, म्हणून आम्ही निःशंकपणे 8 अँपिअरचा चार्जर दिला.

आठ महिन्यांनी तो पॅक परत आला. श्रिंक स्लीव्ह कापून मीटर लावला, तेव्हा बारा गट 3.6 व्होल्टवर होते आणि मधला एक गट 3.0 व्होल्टवर, त्या गटातल्या एका सेलवरची निकेल पट्टी वेल्डिंगपासून सुटलेली होती. चार सेलमध्ये वाटला जाणारा 8 अँपिअर करंट तीनच सेल घेत होते, म्हणजे प्रत्येकी दोनऐवजी जवळपास 2.7 अँपिअर. बीएमएस संपूर्ण पॅकचा करंट मोजते, गटाच्या आत तो कसा वाटला जातो हे तिला दिसत नाही, आणि तिच्यावरचा आकडा तिच्या मॉस्फेटची (करंट चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचची) क्षमता सांगतो, सेलची नव्हे. वेल्डिंगची चूक आमचीच होती. पण करंट बेताचा असता तर त्या तीन सेलांवर इतका ताण आला नसता.

त्या सेलच्या डेटाशीटमध्ये प्रमाणित चार्जिंग 0.5 सी, म्हणजे अँपिअर-तासांच्या आकड्याच्या निम्मे, प्रत्येक सेलला 1.3 अँपिअर दिलेले आहे. चार सेलांचे 5.2 अँपिअर होतात, पण आम्ही आता गटातला एक सेल निकामी आहे असे धरूनच हिशेब करतो : तीन सेलांचे 3.9 अँपिअर. म्हणून या पॅकला 54.6 व्होल्ट, 3 अँपिअरचा चार्जर जातो आणि पूर्ण चार्जिंगला सुमारे चार तास लागतात.

थंडीचा धडा निफाडच्या द्राक्षबागांनी दिला. फवारणी पंपांचे पॅक तिथे हिवाळ्यात पहाटे चार्जिंगला लागतात, आणि थंड सेलमध्ये ऋण इलेक्ट्रोडचे ग्राफाइट लिथियम पुरेशा वेगाने आत घेऊ शकत नाही. ते धातूच्या रूपात पृष्ठभागावर साचते, क्षमता कायमची घटते आणि पुढे आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका राहतो. त्यामुळे 10 अंशांखाली आम्ही करंट निम्मा करतो, 0 अंशाखाली आणि 45 अंशांवर चार्जिंग बंद ठेवतो. त्यासाठीचा थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर) पॅकच्या बाहेरून न चिकटवता मधल्या सेलांच्या खाचेत बसवतो, कारण चार्जिंगची उष्णता तिथेच कोंडते.

आजही ग्राहक दोन तासांत चार्जिंग मागतात. ते करता येते, मात्र त्यासाठी पॅरलल सेल वाढवावे लागतात, वजन आणि किंमत दोन्ही वाढते. हे आम्ही कोटेशनच्या पहिल्याच ओळीत लिहून देतो.