‘उदार’ या शब्दाआड दडलेला विचार

‘लिबरलिझम’ला आपण मराठीत उदारमतवाद म्हणतो, आणि या प्रतिशब्दामुळे एक गैरसमज नकळत रुजला आहे, असे मला वाटते. उदार माणूस मनात आले तर देतो, नाही तर हात आखडता घेतो. या विचाराचे म्हणणे नेमके उलट आहे. माणसाचे स्वातंत्र्य हे राजाने, धर्मगुरूने किंवा बहुसंख्याकांनी दिलेले दान नसून मुळातच त्याचे असते, आणि त्यावर बंधन घालायचे असेल तर त्याचे कारण बंधन घालणाऱ्याने द्यायचे असते. (मूळ लॅटिन शब्दातही औदार्याची छटा आहे, पण त्याचा धातू ‘लिबर’, म्हणजे स्वतंत्र, हा आहे.) राजकीय गटाचे नाव म्हणून हा शब्द १८१० नंतर स्पेनमधल्या कादिझच्या संसदेत रूढ झाला, विचार मात्र त्याहून शंभराहून अधिक वर्षे जुना आहे.

त्याची सुरुवात धर्मछळातून झाली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६८५ मध्ये नांतचा आदेश रद्द करून प्रॉटेस्टंटांना १५९८ पासून मिळालेले संरक्षण काढून घेतले. त्याच सुमारास इंग्लंडमधून परागंदा झालेला तत्त्वज्ञ जॉन लॉक हॉलंडमध्ये लपून राहत होता आणि सहिष्णुतेविषयीचे आपले पत्र लॅटिनमध्ये लिहीत होता. त्याचा युक्तिवाद साधा आहे: राज्यसत्तेच्या हाती दंडशक्ती असते, पण श्रद्धा मनाची खात्री पटल्याशिवाय उत्पन्न होत नाही, म्हणून जबरदस्तीतून फार तर ढोंगी माणसे निर्माण होतील, श्रद्धावान नव्हे. सत्तेचा हात जिथे पोहोचूच शकत नाही असा एक प्रदेश प्रत्येकाच्या आत आहे, हे एकदा मान्य केले की पुढचे बरेचसे ओघानेच येते.

ते पुढचे लॉकनेच मांडले. राजा हा प्रजेचा बाप असून त्याची सत्ता ईश्वरदत्त आहे, हे रॉबर्ट फिल्मरचे प्रतिपादन खोडून काढताना त्याने सांगितले की, शासन लोकांच्या संमतीवर उभे असते, जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता यांच्या रक्षणासाठी असते, आणि त्याने हा विश्वास मोडला तर लोकांना ते दूर करण्याचा अधिकार आहे. हे मांडणारा त्याचा ‘टू ट्रीटिजेस ऑफ गव्हर्न्मेंट’ हा ग्रंथ १६८९ मध्ये निनावी प्रसिद्ध झाला. त्याचे कर्तृत्व लॉकने उघडपणे मान्य केले ते थेट मृत्युपत्रात. मात्र याच लॉकने नास्तिकांना सहिष्णुतेच्या कक्षेबाहेर ठेवले आणि गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत पैसे गुंतवले, हे विसरता येत नाही.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये ‘ऑन लिबर्टी’ या पुस्तकात या विचाराला आणखी धार दिली: दुसऱ्याला होणारी इजा टाळणे, एवढ्याच कारणासाठी समाजाने व्यक्तीवर सक्ती करावी, तिचे स्वतःचे भले, हे कारण पुरेसे नाही. राजाइतकीच लोकमताची जुलमी पकडही त्याला भयावह वाटत होती. पण त्याच पुस्तकात त्याने ‘मागासलेल्या’ समाजांना हे तत्त्व लागू नाही, असेही लिहिले. १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षे तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत नोकरीला होता, म्हणून हे वाक्य आपल्याला अधिक बोचते. या पुस्तकाला तीस वर्षे होण्याआधीच, १८८८ मध्ये, मिलच्या विचारांनी प्रभावित झालेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी पुण्यात ‘सुधारक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि व्यक्तीच्या विवेकाचा कैवार घेऊन रूढींच्या सत्तेला मराठीतून जाब विचारला.